धंदा वाढवायचाय? आधी अडलंय कुठे ते पाहा

डहाणू-तलासरीकडच्या बचत गटांतल्या बायका भेटल्या की पहिला प्रश्न ठरलेला असतो: "आम्हाला कोणती योजना बसेल?" आणि दुसरा: "लोन किती मिळेल?" चिकूचे चिप्स करणारी, किनाऱ्यावरची सुकी मासळी विकणारी, पाड्यावर शिवणयंत्र चालवणारी, टोपल्या विणणारी, वारली चित्रं काढणारी, सगळ्यांचे प्रश्न हेच. योजना भरपूर आहेत, पण या दोन प्रश्नांपासून सुरुवात केली की धंदा योजनेच्या मापाने कापला जातो. अनुदान आहे म्हणून यंत्र येतं आणि सहा महिन्यांनी त्यावर चादर पडते. म्हणून हा लेख उलट्या क्रमाने लिहिला आहे. आधी तुमचा धंदा, मग पैसा, मग कागद, मग बाजार. आणि अधेमधे, कुणी अडवलं तर तुमचा हक्क काय, तेही.

आधी ठरवा: अडलंय कुठे?

चालू असलेला छोटा धंदा वाढत नाही, तेव्हा तो बहुतेक वेळा या चारपैकी एका जागी अडलेला असतो:

- माल सारखा निघत नाही. एका खेपेला चिप्स कुरकुरीत, दुसऱ्या खेपेला चिवट. इथे प्रशिक्षण किंवा सुकवण्याचं साधन लागतं.
- माल आहे, गिऱ्हाईक नाही. इथे कर्ज घेऊन दुप्पट माल काढलात तर दुप्पट माल पडून राहील. आधी बाजार शोधायचा.
- गिऱ्हाईक आहे, हातात पैसा नाही. म्हणजे खेळतं भांडवल कमी पडतंय.
- सगळं आहे, कागद नाही. दुकानदार विचारतो, "अन्न परवान्याचा नंबर कुठाय?" आणि ऑर्डर हातातून जाते.

तिसरी अडचण सुक्या मासळीच्या धंद्यात लख्ख दिसते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक मासेमारी बंद असते. त्याआधी मे महिन्यात घरोघरी आगोटीची खरेदी होते आणि पाऊस लागला की सुक्या बोंबलाचे, सुकटीचे, जवळ्याचे भाव चढतात. डहाणूच्या किनाऱ्यावर किंवा तलासरीच्या झाई गावात मासळी सुकवणारी बाई हातात पैसा नसल्यामुळे एप्रिलमध्येच व्यापाऱ्याला माल देऊन टाकते, आणि चढलेला भाव तो व्यापारी घेतो. तिला यंत्र नको, तीन वर्षांचं मोठं कर्जही नको. तिला दोन-तीन महिन्यांसाठी थोडे पैसे, झाकणाचे कोरडे डबे आणि ओल न लागणारी जागा हवी. हे गटाच्या अंतर्गत कर्जातूनही भागू शकतं. अडचण नीट ओळखली की मागणी अशी लहान आणि नेमकी होते, आणि नेमकी मागणी मंजूरही लवकर होते.

हिशोब: तुमची मजुरी धरून

या लेखातला एकच भाग वाचायचा असेल तर हा वाचा. चिकूच्या चिप्सचं उदाहरण घेऊ. आकडे समजण्यापुरते धरले आहेत, तुमच्या गावचे भाव घालून पुन्हा मांडा.

सोलून, बी काढून, वाळवून एक किलो चिकूचे साधारण पाव किलो किंवा त्याहून थोडे कमी चिप्स होतात. समजा २० किलो चिकू आणले आणि साडेचार किलो चिप्स निघाले, म्हणजे १०० ग्रॅमची ४५ पाकिटं. खर्च असा:

- चिकू, २० किलो, २५ रुपयांनी: ५०० रुपये
- पाकीट आणि लेबल, प्रत्येकी ५ रुपये: २२५ रुपये
- इंधन किंवा वीज: १०० रुपये
- रिक्षा आणि गाडीभाडं: १५० रुपये
- दोघींची दिवसभराची मजुरी, प्रत्येकी ३५० रुपये: ७०० रुपये

एकूण १,६७५ रुपये. एका पाकिटामागे ३७ रुपयांहून थोडे जास्त.

आता बहुतेक जणी काय करतात? फक्त चिकू आणि पाकिटाचा खर्च धरतात. तो होतो ७२५ रुपये, म्हणजे पाकिटाला १६ रुपये. दुकानदार म्हणतो, "३० ला दे, सगळा माल उचलतो." १६ चे ३० होतायत म्हणून बाई खूश होते. प्रत्यक्षात ४५ पाकिटांचे येतात १,३५० रुपये. मजुरी सोडून बाकी खर्च ९७५ रुपये. उरले ३७५, तेही दोघींत. म्हणजे एकीला १८७ रुपये. त्याच दिवशी चिकूच्या वाडीत मजुरीला गेल्या असत्या तर यापेक्षा जास्त घेऊन आल्या असत्या, आणि माल खपेल की नाही याची काळजीही नसती.

याचा अर्थ धंदा बंद करा असा नाही. या हिशोबात वाट दिसते. मजुरी हा सर्वांत मोठा खर्च आहे, म्हणजे सोलण्या-कापण्याला लागणारा वेळ कमी करणारं साधन कामाचं. वाहतूक दर खेपेला तितकीच लागते, म्हणजे दोन खेपांचा माल एकदम न्यायचा. आणि दुकानदाराला ३० रुपयांत द्यायचंच नाही. ४० ला दिलं तरी पाकिटामागे जेमतेम तीन रुपये सुटतात.

वही कशी ठेवायची? तीन रकाने पुरतात: आज काय आणलं, आज काय विकलं, उधारी कुणाकडे किती. घरखर्चाला गल्ल्यातून पैसे घेतले तर तेही लिहा, "घरासाठी घेतले" म्हणून. लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीला रोज संध्याकाळी बसवा. तीन महिन्यांची अशी वही बँकेच्या साहेबापुढे ठेवली की तुम्ही काय करता हे तोंडाने फार सांगावं लागत नाही.

गटाने धंदा करायचा की एकटीने?

गट दोन कामांसाठी असतो: बचत आणि आपसात कर्ज. दहा जणींनी मिळून एकच धंदा करायलाच हवा, असा कुठलाही नियम नाही. सरकारी बैठकांतून "गटाचा सामूहिक उद्योग" असा आग्रह होतो, आणि माझ्या मते तिथेच अनेक चांगले गट मोडतात. चौघी राबतात, सहा जणी नफ्याच्या दिवशी येतात, मग भांडणं.

त्यापेक्षा कर्ज गटाच्या नावावर घ्या, आणि धंदा ज्यांना करायचाय त्या दोघी-तिघींनी करा. बाकीच्यांना त्यांच्या कामासाठी गटातून वेगळं कर्ज मिळेल. सामूहिक धंदा करायचाच असेल तर सुरू करण्याआधी इतिवृत्तात चार गोष्टी लिहा आणि सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या:

- कामाला येईल तिला रोजची मजुरी किती. नफ्याची वाटणी मजुरी वजा झाल्यावर.
- यंत्र कुणाच्या घरात राहणार, वीजबिल कोण भरणार.
- रोख पैसे कुणाकडे. किती रुपयांवर रक्कम झाली की बँकेत भरायची.
- एखादी बाहेर पडली किंवा दिवाळीनंतर वीटभट्टीवर, कंपनीत कामाला गेली तर तिच्या वाट्याचं काय.

शेवटचा मुद्दा आपल्याकडे टाळता येत नाही. निम्म्या बायका हंगामात गावात नसतात. त्यांना "गद्दार" ठरवण्यापेक्षा आधीच सोय लिहून ठेवावी.

गट अजून झालाच नसेल तर: साधारणपणे १० ते २० जणी लागतात, पण आदिवासी व डोंगराळ भागात ५ जणींचाही गट चालतो. नोंदणी, फिरता निधी, ग्रामसंघाशी जोडणी हे सगळं 'उमेद' म्हणजे महाराष्ट्र राज्य ग्रामीण जीवनोन्नती अभियानाकडून होतं. त्यांचा कक्ष पंचायत समितीत असतो.

पैसा: कुठल्या दारात काय

गटाचं बँक कर्ज. सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जवळचं. गट किमान ६ महिने नियमित चालू असावा आणि पंचसूत्री पाळणारा असावा: नियमित बैठक, बचत, आपसात कर्ज, परतफेड, हिशोब. हे ६ महिने गटाच्या वहीप्रमाणे मोजायचे असतात. खातं कधी उघडलं त्यावरून मोजायचे नसतात. ३ लाखांपर्यंतच्या कर्जाला बँकांनी ७ टक्के व्याज लावायचं असतं. वेळेवर फेडणाऱ्या गटांना राज्याची व्याज सवलत सध्या किती आहे, तेही विचारून घ्या.

अन्नप्रक्रियेसाठी पीएमएफएमई. २०२० साली सुरू झालेली ही केंद्राची योजना कृषी विभागाकडून चालते. वैयक्तिक उद्योगाला खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख अनुदान. स्वतःचा वाटा किमान १० टक्के. चालू धंदा वाढवायलाही ते मिळतं. प्रकल्प अहवाल करून द्यायला जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेल्या असतात, त्याचे पैसे तुम्ही द्यायचे नसतात. अन्नप्रक्रिया करणाऱ्या गटातल्या सदस्याला ४० हजारांपर्यंत बीज भांडवलही मिळू शकतं. पण ते संघ-गटामार्फत कर्ज म्हणून येतं, फेडायचं असतं. योजनेची मुदत चालू आहे का, हे अर्जापूर्वी तालुका कृषी कार्यालयात पहिल्यांदा विचारा.

पीएमईजीपी. ग्रामीण भागातल्या महिलांना ३५ टक्के अनुदान, स्वतःचा वाटा ५ टक्के. पण ही योजना नव्या उद्योगासाठी आहे. चालू धंद्याचा अर्ज घेऊन गेलात तर फेटाळला जाईल.

मुद्रा. 'शिशु' गटात ५० हजारांपर्यंत, 'किशोर'मध्ये त्यापुढे ५ लाखांपर्यंत. तारण नाही. अनुदानही नाही, आणि "मुद्राचं अनुदान मिळवून देतो" म्हणणारा माणूस फसवतोय.

आदिवासी बहिणींसाठी. राष्ट्रीय अनुसूचित जमाती वित्त व विकास महामंडळाची आदिवासी महिला सशक्तीकरण योजना आहे: २ लाखांपर्यंतच्या कामाला ९० टक्क्यांपर्यंत कर्ज, व्याज ४ टक्के. राज्यात ती शबरी आदिवासी वित्त व विकास महामंडळामार्फत येते. डहाणूच्या एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्प कार्यालयात न्यूक्लियस बजेटमधून त्या वर्षी कोणत्या वस्तू, कोणतं प्रशिक्षण आहे, हेही विचारा. जातीचा दाखला आधीच काढून ठेवा.

पीएम विश्वकर्मा. टोपल्या-चटया-झाडू विणणाऱ्या, हार करणाऱ्या, मासेमारीची जाळी विणणाऱ्या, शिलाई करणाऱ्या यांच्यासाठी. प्रशिक्षण, १५ हजारांपर्यंत अवजारं, मग ५ टक्के व्याजाने पहिल्यांदा १ लाख आणि नंतर २ लाखांपर्यंत कर्ज. एका कुटुंबात एकालाच.

डहाणू शहरात बसून विकणाऱ्यांसाठी पीएम स्वनिधी. गंजाड-आशागडकडून भाजी, फुलं, मासळी घेऊन शहरात येणाऱ्या बाईलाही, नगरपरिषदेचं विक्री प्रमाणपत्र किंवा शिफारसपत्र मिळालं तर, हे कर्ज मिळू शकतं. विक्री प्रमाणपत्राचा हक्क २०१४ च्या पथविक्रेता कायद्याने दिलेला आहे, तेव्हा आधी ते मागा.

अनुदानाबद्दल एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. पीएमईजीपी आणि पीएमएफएमई या दोन्हींत अनुदान रोख हातात येत नाही. ते तुमच्या कर्जाच्या नावाने बँकेत जमा राहतं आणि धंदा ३ वर्षं नीट चालला तर कर्जात वळतं होतं. मध्येच हप्ते थकले तर ते हातचं जातं. म्हणून "अनुदानातून हप्ते फेडू" असा बेत करू नका.

बँकेत काय ऐकून घ्यायचं नाही

गटांच्या तक्रारींत नेहमी येणारी चार वाक्यं आणि त्यांची उत्तरं:

- "बचतीचे पैसे गोठवून ठेवावे लागतील." नाही. गटाच्या १० लाखांपर्यंतच्या कर्जाला तारण, जामीन किंवा बचत खात्यावर बोजा लावता येत नाही. मुदत ठेव करायची सक्तीही करता येत नाही. हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.
- "तुमच्यातल्या एकीचं जुनं कर्ज थकलंय, म्हणून गटाला देणार नाही." एखादी सदस्य किंवा तिच्या घरचे थकबाकीदार असले, पण गट थकबाकीदार नसेल, तर तेवढ्यावरून गटाचं कर्ज सहसा अडवायचं नसतं. फक्त नव्या कर्जातला पैसा त्या थकबाकीदार सदस्याला द्यायचा नाही.
- "सातबारा आणा." बिनतारणाच्या कर्जाला जमीन लागत नाही. वनपट्टा तर तारण ठेवताच येत नाही, कारण वनहक्क कायद्याने तो वारसाने मिळतो, विकता किंवा हस्तांतर करता येत नाही. मूळ वनपट्टा कुणाच्याही हातात देऊ नका.
- "अर्ज ठेवून जा, बघू." अर्जाची पोच मागा, तारीख आणि शिक्क्यासह. नाकारला तर कारण लेखी मागा.

लेखी तक्रार केल्यावर ३० दिवसांत बँकेने उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे फुकट तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे. मात्र आधी गटाच्या वह्या बघा. इतिवृत्त तीन महिने कोरं असेल तर बँकेशी भांडण्यात अर्थ नाही.

खासगी फायनान्सचं आठवड्याचं कर्ज

ओट्यावर येऊन दोन दिवसांत पैसे देतात म्हणून बायका तिकडे वळतात. मी त्यांना दोष देत नाही; बँक चार खेटे घालायला लावते तेव्हा दुसरं काय करणार? पण घेण्याआधी एवढं माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे, घरातल्या सगळ्या कर्जांचे मिळून हप्ते महिन्याच्या कमाईच्या निम्म्याच्या वर जाता कामा नयेत. व्याज आणि सगळे खर्च एका कागदावर, तुम्हाला कळणाऱ्या भाषेत लिहून मिळायला हवेत. मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. सकाळी ९ च्या आधी आणि संध्याकाळी ६ च्या नंतर वसुलीला येता येत नाही. शिवीगाळ, धमकी, शेजाऱ्यांपुढे अपमान तर मुळीच नाही.

एका कंपनीचा हप्ता भरायला दुसऱ्या कंपनीचं कर्ज घ्यायची वेळ आली, तर त्याच दिवशी गटात सांगा. लाजू नका. ग्रामसंघाच्या निधीतून महागडं कर्ज फेडून टाकता येईल का, हे बघता येतं. आणि कोणी खासगी सावकार कागद न देता व्याज घेत असेल, तर त्याच्याकडे परवाना हवा. २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी कायद्याखाली तक्रार सहकार खात्याच्या निबंधक कार्यालयात करता येते.

कागद: कमी, पण पक्के

उद्यम नोंदणी. आधारवर होते, पूर्ण फुकट आहे. सरकारी संकेतस्थळासारख्या दिसणाऱ्या जागांवर हजार-दोन हजार मागतात, देऊ नका. भरून देणाऱ्या केंद्रवाल्याला त्याची साधी सेवा फी द्या, तेवढंच.

अन्न नोंदणी. खाण्याचा कुठलाही पदार्थ करून विकत असाल तर हवीच. वर्षाची उलाढाल १२ लाखांच्या आत असेल तर परवाना लागत नाही, नोंदणी पुरते. सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये. मिळालेला १४ आकडी क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापा.

लेबल. पदार्थाचं नाव, त्यात काय काय आहे, निव्वळ वजन, तयार केल्याची तारीख, कधीपर्यंत खावं, घाणा क्रमांक, सर्व करांसह किंमत, तुमचं नाव-पत्ता, तक्रारीसाठी फोन, शाकाहारी असेल तर हिरवी खूण, आणि अन्न नोंदणीचा क्रमांक. "रोगांवर गुणकारी" असलं काही लिहू नका, दंड होतो. काटा वैधमापन खात्याकडून तपासून शिक्का मारलेला हवा.

सीमेपलीकडचा माल. ही अडचण खास आपल्याकडची. तलासरीहून उंबरगाव, वापी, सिल्वासा हाकेवर. गिऱ्हाइकाने तुमच्या स्टॉलवर येऊन माल नेला तर काही प्रश्न नाही. पण तुम्ही वापीच्या दुकानदाराला करपात्र माल पाठवलात, तर तो दुसऱ्या राज्यातला पुरवठा होतो, आणि तिथे ४० लाखांच्या उलाढालीची सूट लागू होत नाही. जीएसटी नोंदणी आधी लागते. ताजी फळं-भाजी करमुक्त असल्याने त्यांना हे लागू नाही, आणि हस्तकलेच्या ठरावीक वस्तूंना अटींसह सूट आहे. पहिली ऑर्डर घेण्याआधी कर सल्लागाराला विचारा, त्याची फी नंतरच्या दंडापेक्षा नक्कीच कमी असते.

डहाणू तालुक्यात यंत्र बसवण्याआधी. २० जून १९९१ च्या केंद्राच्या अधिसूचनेने डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र ठरला आहे आणि उद्योगांवर बंधनं आहेत. घरगुती चिप्स, पापड, शिवण यांना धास्ती नाही. पण भट्टी, बॉयलर, सांडपाणी सोडणारं यंत्र घ्यायचं असेल तर आधी जिल्हा उद्योग केंद्रात लेखी विचारा, मग आगाऊ रक्कम द्या.

माल विकायचा कुठे

जवळून सुरुवात करा. आठवडी बाजार, महामार्गावरची हॉटेलं, बोर्डी-घोलवडला येणारे पर्यटक, आश्रमशाळा, अंगणवाड्या. विवळवेढ्याच्या महालक्ष्मीची यात्रा चैत्र पौर्णिमेपासून भरते आणि पंधरा-एक दिवस चालते. तिथे काय खपतं, हे एक वर्ष नुसतं फिरून बघा, पुढच्या वर्षी मांडा. बोर्डीच्या चिकू महोत्सवात मुंबईचं गिऱ्हाईक येतं, तिथे १०० ग्रॅमची नीट बांधलेली पाकिटं चालतात. एप्रिल २०१३ पासून उपनगरी लोकल डहाणू रोडपर्यंत येते, त्यामुळे विरार-बोरिवलीच्या सोसायट्यांत थेट माल नेणं परवडतं. 'उमेद'च्या महालक्ष्मी सरस प्रदर्शनासाठी नाव आधी तालुक्यातून जावं लागतं. मुंबईला जाण्याआधी पुरेसा माल, सुटे पैसे आणि फोनवर पैसे घेण्याची सोय असू द्या.

'डहाणू घोलवड चिकू'ला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. फळ खरोखर इथलं असेल तर ते पाकिटावर सांगण्याजोगं आहे. मानांकनाचं बोधचिन्ह वापरायचं तर मात्र अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद हवी. सुकवणं, टिकवणं, वर्षभर माल सारखा ठेवणं यासाठी कोसबाड हिलच्या कृषी विज्ञान केंद्रात प्रशिक्षणं होतात. आधी एक घाणा घेऊन जा, तज्ज्ञांना चाखायला द्या.

उधारीबद्दल: उद्यम नोंदणी असलेल्या उत्पादकाचा माल घेणाऱ्याने लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवसांत आणि करार नसेल तर १५ दिवसांत पैसे द्यायचे, असा २००६ चा कायदा आहे. उशीर झाला तर चढं व्याज लागतं आणि सुलभीकरण परिषदेकडे तक्रार करता येते. मात्र त्यासाठी बिल हवं. तोंडी दिलेल्या मालाला कायदा काय करणार? छापील बिलबुक दीड-दोनशे रुपयांत येतं. आणि पहिल्या मालाचे पैसे आल्याशिवाय दुसरा माल द्यायचा नाही, दुकानदार कितीही ओळखीचा असो.

वारली चित्रं काढणाऱ्या बहिणींना

लग्नाचा चौक लिहिणं हे मुळात सवाशिणींचं काम. भिंतीवरून ही कला कागदावर आली आणि गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली, तसं या कलेचं नाव जगभर झालं. पण आजही घरातल्या बायका चित्र भरतात आणि खाली सही पुरुषाची असते. ही गोष्ट बदला. जिने काढलं, तिची सही. पैसे तिच्या खात्यात.

- २०१४ पासून वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन आहे. अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःच्या नावाने अर्ज करा.
- चित्र विकलं म्हणजे त्याचे हक्क विकले असं होत नाही. कंपनीने तुमचं चित्र साड्यांवर, कपांवर छापायचं म्हटलं तर तो वेगळा सौदा, वेगळे पैसे, आणि लेखी करार. प्रताधिकार लेखी दिल्याशिवाय जात नाही. "सर्व हक्क कायमचे" असं लिहिलेल्या कागदावर वाचून घेतल्याशिवाय सही नको.
- मागणीप्रमाणे काम असेल तर निम्मे पैसे आगाऊ घ्या. हॉटेलच्या किंवा फार्महाउसच्या भिंतीचा दर चौरस फुटावर ठरवा. जाण्या-येण्याचा आणि राहण्याचा खर्च वेगळा.

जंगलातला माल

मोह, हिरडा, मध, बांबू, रानभाज्या गोळा करून विकण्याचा हक्क वनहक्क कायदा २००६ आणि पेसा कायदा यांनी गावाला दिला आहे. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात येतात. सामूहिक वनहक्क मिळालेला असेल तर ग्रामसभेचा ठराव आणि वाहतुकीचा पास सोबत ठेवा. नाक्यावर माल अडवला तर तोच दाखवायचा. मोहाच्या फुलांचे लाडू-मनुके करायला अडचण नाही. दारू गाळणं मात्र वेगळ्या परवान्याचं काम आहे.

घरात ठरवायच्या गोष्टी

हे कुठल्या फॉर्मवर नसतं, म्हणून शेवटी लिहितो. कर्ज बाईच्या नावावर, पैसा नवऱ्याच्या मोटारसायकलला, आणि हप्ता बाईच्या मजुरीतून, हे आपल्या भागात फार होतं. कर्ज मंजूर झालं की यंत्राचे किंवा मालाचे पैसे थेट दुकानदाराच्या खात्यात जाऊ द्या. धंद्याचं खातं एकट्या तुमच्या नावाने, आणि त्याला जोडलेला फोन नंबर तुमचाच. ओटीपी मुलालाही सांगायचा नाही. यंत्राचं बिल तुमच्या नावाने घ्या आणि जपून ठेवा.

आणि ग्रामसभेआधी महिला सभा होते, तिला जा. ग्रामपंचायतीला उत्पन्नाच्या १० टक्के रक्कम महिला व बालकल्याणावर खर्च करायची असते. सुकवणीची शेड, काटा, मालाला जागा, काय हवं ते तिथे मागा आणि ठरावात लिहून घ्या.

पुढच्या गटबैठकीला तीन महिन्यांची वही घेऊन बसा, अडलंय कुठे ते एका ओळीत लिहा, आणि ती ओळ घेऊन डहाणूच्या किंवा तलासरीच्या पंचायत समितीत 'उमेद'च्या कक्षात जा. एकट्या जाऊ नका, दोघी-तिघी जा. अर्जाची पोच हातात आल्याशिवाय निघू नका.